सत्तर चिन्हांचा निरोप

२००५ च्या सुमारास भंडारा जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकाने मोबाईलवरून मराठी निरोप धाडला असता, तर तो बहुधा रोमन लिपीत लिहिला असता. पुष्कळशा हँडसेटवर देवनागरी नव्हतीच. आणि जिथे होती, तिथे ती महाग पडे. असे का?

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पाठवला गेला. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी युनिकोडची १६ बिटांची पद्धत घेतली, की ७० चिन्हेच उरतात. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार हीदेखील स्वतंत्र चिन्हे. ‘भंडारा’ हा शब्द आपल्या लेखी ३ अक्षरांचा. यंत्राच्या लेखी भ, अनुस्वार, ड, काना, र, काना अशी ६ चिन्हे, म्हणजे ९६ बिट. रोमन लिपीत तोच शब्द ८ अक्षरांत, ५६ बिटांत संपतो.

पण एसएमएसचा एक मोठा गुण होता. त्याचे मानक सामाईक असल्याने फोन कोणत्याही कंपनीचा असो, निरोप पोहोचत असे.

पुढे निरोप इंटरनेटवरून जाऊ लागले आणि ७० चिन्हांची अडचण संपली. मात्र नवे कुंपण आले. २००५ मध्ये सुरू झालेले ब्लॅकबेरी मेसेंजर २०१३ पर्यंत बाहेरच्या फोनवर चालत नव्हते. २०१९ मध्ये ते बंद पडले. ॲपलचे आयमेसेज (२०११) ॲपलच्याच उपकरणांवर चालते. व्हॉट्सॲप २००९ मध्ये आयफोनवर आले. मग ब्लॅकबेरी, नोकिया, अँड्रॉइड आणि २०१८ मध्ये बटणांच्या जिओफोनवरही पोहोचले. त्याच्या प्रसारात या सर्वसंचाराचा वाटा मोठा आहे.

तरीही एका ॲपमधला निरोप सहसा दुसऱ्यात जात नाही. युरोपीय संघात २०२४ पासून व्हॉट्सॲपवर इतर सेवांसाठी दार उघडण्याचे कायदेशीर बंधन आले. २०२० मध्ये शाळा बंद असताना अभ्यास ॲपवरून येऊ लागला, तेव्हा ज्या घरी फक्त साधा फोन होता, तिथे तो पोहोचू शकत नव्हता. म्हणून ॲपांची तुलना करताना सोयींआधी विचारावे : निरोप कोणाकोणाला मिळणार नाही?

वर्गात करून पाहा : जिल्ह्यातील सातही तालुक्यांची नावे दोन्ही लिप्यांत लिहून बिट मोजा. ‘लाखांदूर’चे १२८ आणि ६३ येतात का?