सत्तर टक्के म्हणजे नेमके किती?

जुन्या व्हिडिओ गेम्सच्या इतिहासावर काम करणार असाल, तर गाजलेल्या गेम्सची परीक्षणं जरा बाजूला ठेवा. आधी बेताच्या गेम्सची वाचा. भारावलेला समीक्षक निकष सांगत बसत नाही. 'ठीक आहे' म्हणणाऱ्याला मात्र कारणं द्यावी लागतात.

१९८४ मध्ये इंग्लंडमधल्या लडलो गावातून 'क्रॅश' हे झेडएक्स स्पेक्ट्रम संगणकाचं मासिक सुरू झालं. ग्राफिक्स, खेळण्यातली मजा, पैशाचा मोबदला, प्रत्येकाला वेगळे टक्के. पुढे गुणांची महागाईच झाली म्हणा ना! अनेक मासिकांत सत्तरच्या आसपासचे गुण म्हणजे 'साधारण' ठरले. 'अमिगा पॉवर'ने (१९९१–९६) हे मानलं नाही. शंभरातले सरासरी गुण पन्नास, ही त्यांची भूमिका. काही प्रकाशक चिडले, पण मासिक बधलं नाही.

आता तुमच्या तक्त्याकडे बघा. दोन मासिकांचे ६० टक्के एकाच रकान्यात टाकलेत, तर तुलना तिथेच फसली. एका मासिकाचे वर्षभराचे सगळे गुण आधी उतरवून घ्या. त्यांचा 'मध्य' कुठे येतो ते पाहा. आणि हो, स्कॅन प्रत घेताना जाहिरातींची पानं आहेत ना, तेवढं तपासा. ५५ टक्केवाल्या गेमची पानभर जाहिरात त्याच अंकात असू शकते.