गोष्टी आल्या, भाषा राहिल्या

क्विंटिलियन हा रोममधला वक्तृत्वशिक्षक. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस त्याने शिक्षणावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात लहान मुलांसाठी एक सोपी पायरी सांगून ठेवली. दाईच्या मांडीवर ऐकलेल्या गोष्टींच्या पाठोपाठ इसापच्या गोष्टी घ्याव्यात. मुलाने त्या आधी साध्या शब्दांत तोंडी सांगाव्यात, मग तितक्याच साधेपणाने लिहाव्यात. गोष्ट पद्यात असेल तर ती मोडून आपल्या शब्दांत आणावी. युरोपातल्या शाळांनी ही पायरी पुढे शतकानुशतके सोडली नाही. तिथल्या पोरांना ग्रीक-लॅटिनची ओळख राजांच्या वंशावळींआधी कोल्हा, सिंह आणि बेडूक यांनी करून दिली.

हेच प्राणी मराठीत आले ते मात्र भाषा मागे ठेवून. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात ‘बालबोधमुक्तावली’ छापली गेली; ती इसापच्या गोष्टींचे मराठी रूप. १८२८ साली मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीसाठी सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांनी ‘इसपनीतिकथा’ तयार केली. ही भाषांतरे इंग्रजीवरून झाली. त्यात वावगे काही नाही; छत्र्यांनी मराठी गद्याला जे वळण दिले त्याचे ऋण मोठे आहे. पण इसापाची गोष्ट भाषेत शिरण्याचा दरवाजा असते, हा तिचा मूळ उपयोग वाटेतच गळून पडला. खाली तात्पर्य तेवढे उरले.

भाषा आली ती वेगळ्या दाराने, आणि त्या दारावर पहारा होता. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. १८६०च्या दशकात तिथे कुलगुरू असलेले सर अलेक्झांडर ग्रँट हे अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक. त्याच दशकात विद्यापीठाने वरच्या अभ्यासातून देशी भाषा बाजूला केल्या आणि अभिजात भाषांना ती जागा दिली. संस्कृत, लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी, फारसी या यादीतून निवड करायची. यादी उदार दिसते. पण निवड विद्यार्थ्याच्या हाती नसे. तो कोणाच्या पोटी जन्मला यावर ती ठरे. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना संस्कृत घ्यायचे होते, ते मिळाले नाही. फारसी घेऊन ते १९०७ साली मॅट्रिक झाले. संस्कृत ते पुढे स्वतःच्या कष्टाने शिकले. दुसरी भाषा म्हणजे मॅट्रिकच्या तक्त्यातला एक रकाना, एवढेच समजणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. न्यू इंग्लंडच्या कॉलेजांत ग्रीक आणि लॅटिन घोटून आलेली ही माणसे. ज्या नव्या कराराचा प्रचार त्यांनी मराठीतून केला तो मुळात ग्रीकमधला. तरी त्यांच्या खेड्यांतल्या शाळांत ग्रीक सोडाच, इंग्रजीही फारशी नव्हती. १८५४-५५ मध्ये मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात येऊन गेले आणि शिक्षण देशी भाषेतूनच द्यावे असा त्यांनी आग्रह धरला. मराठीच्या दृष्टीने हे धोरण मला चांगले वाटते. ज्या मुलांना गावच्या शाळेत बसू दिले जात नव्हते त्यांच्या दृष्टीने मात्र ते अपुरे होते.

गेली काही वर्षे मी शिरूर आणि दौंड इथे सुटीच्या दिवशी पाचवी ते नववीच्या मुलांना जमवतो आणि गोष्टींतून लॅटिन-ग्रीक शिकवतो. शिकवतो हा शब्द मोठा झाला. मी स्वतः ही भाषा पुण्यात रस्त्यावर मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांतून, कोणी गुरू नसताना, अडखळत शिकलो. पण एवढ्या तुटपुंज्या भांडवलावरही काय घडते ते नोंदवावे असे आहे.

गॉर्डियसची गोष्ट घ्या. हा फ्रिजियातला गरीब शेतकरी. त्याच्या बैलांच्या जुवावर गरुड येऊन बसला, आणि पुढे ते घराणे राजपदाला पोचले. त्याची गाडी देवळात ठेवली होती. दांडीला जू बांधणारी गाठ अशी की तिचे टोकच दिसेना. ती सोडवील तो आशियाचा राजा. इसवी सनपूर्व ३३३ मध्ये शिकंदर तिथे आला आणि त्याने तलवारीने गाठ तोडली. इंग्रजी शाळांतून हीच आवृत्ती सांगतात. शिरूरच्या वर्गात बैलगाड्याच्या घाटात वाढलेला एक मुलगा लगेच म्हणाला, “तलवार कशाला? खीळ काढली की जू सुटतंय.”

एरियनने शिकंदराचा इतिहास लिहिला आहे. तलवारीची हकीकत देऊन झाल्यावर तो सांगतो की शिकंदराबरोबर मोहिमेवर असलेल्या अरिस्टोबुलसचे म्हणणे निराळे आहे: राजाने दांडीतून आरपार गेलेली लाकडी खीळ उपसली आणि जू मोकळे केले. मला ही ओळ ठाऊक होती, पण तिच्यातले यंत्र मला त्या मुलाने समजावले. वही घेऊन त्याने दांडी, जू आणि खीळ काढून दाखवली.

त्या दिवशी फळ्यावर पहिला ग्रीक शब्द आला तो ‘झुगोन’, म्हणजे जू. लॅटिनमध्ये ‘युगुम’, संस्कृतात ‘युग’, आपले ‘जू’ त्याचेच लेकरू. हरलेल्या सैन्याला भाल्यांच्या जुवाखालून वाकून जायला लावीत. इसवी सनपूर्व ३२१ मध्ये सॅमनाईटांनी रोमन सैन्यालाच तसे नेले. विज्ञानाच्या पुस्तकातला ‘झायगोट’ म्हणजे जुंपलेला. मराठी पुस्तकात त्याला ‘युग्मनज’ म्हटले आहे. ज्याने कोणी हा शब्द घडवला त्याने मूळ अर्थ नेमका पकडला होता. मुलांना तो कोणी सांगितला नव्हता इतकेच. गुणांसाठी ते दोन्ही शब्द पाठ करतात, दोन्ही त्यांना सारखेच परके.

मला खरी चिंता आहे ती याची. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला बसणारी खेड्यातली मुले शेकडो लॅटिन-ग्रीक शब्द घोकतात. मोराची चिंचोली शिरूर तालुक्यातच आहे. तिथला मोर पुस्तकात ‘पावो क्रिस्टाटस’ होतो, आणि त्याचा सरळ अर्थ ‘तुरेवाला मोर’ असा आहे हे समजले की मुले हसतात. हेरा देवीने मारल्या गेलेल्या आर्गसचे शंभर डोळे मोराच्या पिसाऱ्यावर बसवले, ही ओविडने सांगितलेली गोष्ट मग पुन्हा सांगावी लागत नाही. हायड्राचे तसेच. एक मुंडके उडवले की दोन फुटतात, हे ऐकताच वर्गातून उत्तर येते, “म्हणजे रक्तबीज!” त्यानंतर मुकुलनाचा धडा वाचायला वेळ लागत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. शब्द जुळले म्हणून इतिहास जुळतो असे नाही. जू आणि युगुम यांचे नाते ध्वनींच्या नियमांनी सिद्ध होते. रक्तबीज आणि हायड्रा यांचे तसे काही नाते नाही. शिरूर तालुक्यातच घोडनदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात मातीच्या पेटीत एक शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि बैल सापडला. बैलावर बसून समुद्रापार गेलेल्या युरोपेची आठवण मुलांना झाली तर होऊ द्यावी. पण ताम्रपाषाणयुगातल्या इनामगावला ग्रीसशी जोडणारा कोणी भेटला तर त्याला खीळ कुठे आहे ते विचारावे.

तुलना कामाची ठरते ती समज वाढवायला. शिरूरच्या छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला. त्याच्या थडग्याला गावकरी ‘सत्पुरुष’ म्हणून पूजतात, सुगीचे पहिले धान्य वाहतात, असे १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने नोंदवले आहे. ग्रीकांचा ‘हिरोस’ याहून फार वेगळा नव्हता: मेलेला बलवान पुरुष, त्याचे थडगे, त्याला नैवेद्य. तो देव नव्हे, पण त्याला दुखवूही नये. सिनेमातल्या ‘हिरो’पासून सुरुवात करून इथवर यायला मुलांना पाऊण तास लागला.

दौंडची गोष्ट जराशी निराळी. १८७८ मध्ये मनमाडची लाइन सुरू झाली आणि दौंड जंक्शन झाले. रेल्वेबरोबर गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे आली, त्यांच्याबरोबर मिस्सा आली. गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना संगीत आणि मिस्सेतले लॅटिन शिकवीत. तेच लॅटिन नोकरीसोबत दौंडला उतरले. १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषांत होऊ लागली आणि ते लॅटिन थांबले. अर्थ न सांगता पाठ करून घेतलेले असले तरी पुणे जिल्ह्याच्या या भागात मुलांच्या तोंडी असलेले ते बहुधा एकमेव लॅटिन.

निवृत्त रेल्वेवाल्या एका आजोबांना मी वर्गावर बोलावले. लहानपणी ते वेदीजवळ सेवा करीत. त्यांनी डोळे मिटून सगळे म्हणून दाखवले. ‘किरिए एलेइसॉन’ आले तेव्हा ग्रीक अक्षरे नुकती शिकलेली एक मुलगी कुजबुजली, “काका, हे लॅटिन नाही.” खरे होते, लॅटिन मिस्सेत तेवढे शब्द ग्रीक राहिले आहेत: प्रभू, दया कर. आजोबांनी तिला ते ग्रीक अक्षरांत लिहून मागितले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.