वेळापत्रक कोण ठरवते? : शैक्षणिक नेतृत्वाच्या अभ्यासाची प्रस्तावना

1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा तिथले वर्ग सकाळी भरू लागले. दिवसा नोकरी करून घर चालवणाऱ्या मुलांना शिकता यावे, हा त्यामागचा हेतू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रांत ही गोष्ट एखाद्या वाक्यात येते आणि पुढचा मोठा प्रसंग सुरू होतो. आपल्या विषयाच्या अभ्यासकाने मात्र त्या वाक्यापाशीच मुक्काम करावा. इतक्या सकाळी शिकवायला प्राध्यापक कसे तयार झाले? ग्रंथालय किती वाजता उघडायचे, आणि कामावर गेलेल्या मुलाला संध्याकाळी पुस्तक मिळायचे की नाही? विज्ञानाची प्रात्यक्षिके कधी घ्यायची? ‘मागासलेल्यांना उच्च शिक्षण मिळाले पाहिजे’ हे ध्येय त्या काळी अनेकांच्या भाषणांत होते. ते घड्याळाच्या काट्यांवर आणून ठेवणारे थोडे होते. बाबासाहेब स्वतः मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य राहिले होते. महाविद्यालयाचे दार नेमके कोणासाठी कोणत्या वेळी बंद असते, हे त्यांनी आतून पाहिले होते.

शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठे यांतल्या नेतृत्वाचा अभ्यास म्हणजे अशा निर्णयांचा अभ्यास. वेळापत्रक कोण ठरवते, पहिलीचा वर्ग कोणाला देतात, नव्या शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर कोण जाऊन बसते, आणि या सगळ्याचा मुलाच्या शिकण्याशी काय संबंध लागतो, हे आपले प्रश्न. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या संशोधकाचे, काल-परवा खुर्चीवर बसलेल्या मुख्याध्यापकाचे, विभागप्रमुखपद अंगावर आलेल्या प्राध्यापकाचे मी मनापासून स्वागत करतो. विषय मोठा आहे, आणि मराठीत त्यात करण्यासारखे फार काही शिल्लक आहे.

शिल्लक आहे ते का, हे आधी सांगतो. आपल्याकडे शिक्षणसंस्थांविषयी लेखन कमी नाही. पण ते बहुतांशी संस्थापकांची चरित्रे, गौरवग्रंथ आणि स्मरणिका या रूपात आहे. संस्थापक गेल्यावर संस्था कशी चालली, हा प्रश्न त्या लेखनात क्वचित येतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापली. साताऱ्याचे वसतिगृह, लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मोडलेले दागिने, ‘कमवा आणि शिका’ या गोष्टी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहेत. 9 मे 1959 रोजी कर्मवीर गेले. संस्था मात्र पुढेही वाढत राहिली, जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. एका माणसाच्या तपश्चर्येवर उभी राहिलेली संस्था त्याच्यामागे टिकते, याला काही कारणे असतात. बदल्यांचे नियम, हिशेबाची शिस्त, आजीव सेवकांची रचना, मुख्याध्यापक निवडण्याची रीत. अभ्यासाला खरी सुरुवात होते ती या कारणांपासून, आणि नेमकी तिथेच आपली चरित्रे संपतात.

याहून जुने एक उदाहरण आहे, आणि त्यावर थोडा अधिक वेळ द्यावा असे मला वाटते. 1884 साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, 1885 साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. सोसायटीचा कणा होता आजीव सदस्य. मोजक्या पगारावर वीस वर्षे सेवा देण्याचे वचन देणारे हे शिक्षकच संस्थेचे चालक होते. वामन शिवराम आपटे पहिले प्राचार्य झाले, ते सहकाऱ्यांमधले एक म्हणून. नेतृत्व एका खुर्चीत न ठेवता अनेकांत वाटून घ्यावे, ही कल्पना पाश्चात्त्य अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत सविस्तर मांडली. आपल्याकडे तो प्रयोग एकोणिसाव्या शतकात होऊन गेला होता, आणि त्याची कठीण बाजूही तेव्हाच दिसली होती. आजीव सदस्याने बाहेरची कामे करावीत का, बाहेरून मिळवावे का, पगार वाढवावा का, यावरून मतभेद विकोपाला गेले आणि 1890 साली टिळकांनी राजीनामा दिला. पुढे 1892 साली आपट्यांच्या मृत्यूनंतर आगरकर प्राचार्य झाले आणि 1895 साली, चाळिशीही न गाठता, गेले.

टिळक-आगरकर वादाचा हा भाग आपण राजकारण आणि सामाजिक सुधारणा यांच्या चौकटीत वाचत आलो आहोत. एकदा तो शिक्षणसंस्थेच्या कारभाराचा वाद म्हणून वाचून पाहावा. सगळे समान असतील तर हिशेब कोण कोणाला विचारणार? त्यागाचे मोजमाप करायचे कोणी, आणि त्याग करणाऱ्याच्या घरच्यांनी किती सोसायचे? आज एखाद्या महाविद्यालयात खासगी शिकवण्यांवरून किंवा बाहेरच्या सल्लागारीच्या कामांवरून शिक्षकांत जी धुसफूस चालते, तिची मुळे पाहायची असतील तर ती इथे सापडतील.

आता जगातल्या संशोधनाकडे वळू. 1966 साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. मुलाच्या यशात शाळेपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि शाळांचे लोक खचले. त्याला उत्तर म्हणून रॉन एडमंड्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी गरीब वस्त्यांतल्या चांगल्या चालणाऱ्या शाळा शोधल्या. अशा शाळांत मुख्याध्यापकाचे लक्ष अध्यापनावर असते, हे त्यांनी 1979 च्या सुमारास आग्रहाने मांडले. 2004 साली केनेथ लीथवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटले की, शाळेच्या हातात असलेल्या गोष्टींपैकी मुलांच्या शिकण्यावर सर्वाधिक परिणाम वर्गातल्या अध्यापनाचा होतो आणि त्याखालोखाल नेतृत्वाचा. न्यूझीलंडच्या विव्हियन रॉबिन्सन यांनी 2008 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले. प्रेरणादायी भाषणे करणाऱ्या, ध्येयाने भारून टाकणाऱ्या नेतृत्वापेक्षा अध्यापनात थेट लक्ष घालणाऱ्या नेतृत्वाचा परिणाम तिप्पट-चौपट दिसला. त्यातही सर्वांत परिणामकारक ठरले ते मुख्याध्यापकाने शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः शिकणारा म्हणून सामील होणे. हा निष्कर्ष मला या साऱ्या वाङ्मयात सर्वाधिक मोलाचा वाटतो.

पण हे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्या शाळेवर ठेवता येत नाहीत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासूनचा. त्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील तरच मुख्याध्यापकाचे वेगळे पद मिळते. सहावी ते आठवीसाठी ही अट शंभराची. म्हणजे वाडीवस्तीवरच्या लहान शाळेत, परदेशी पुस्तकात दिसतो तसा, स्वतःचे कार्यालय असलेला मुख्याध्यापक मुळात नसतोच.

त्या द्विशिक्षकी शाळेत अकरा वाजता काय चालू असते ते पाहा. थोरले गुरुजी तिसरी आणि चौथी एकत्र बसवून भागाकार शिकवत आहेत. दुसऱ्या बाई प्रशिक्षणाला गेल्या आहेत, म्हणून पहिली-दुसरीही व्हरांड्यात आली आहे. फळ्यावर उदाहरण अर्धे झाले असताना फोन वाजतो: माहिती ‘आजच, दुपारी दोनपर्यंत’ पाठवायची आहे. स्वयंपाक करणाऱ्या ताई तांदूळ मोजून घ्यायला दारात उभ्या आहेत. साठ्याच्या नोंदवहीत आकडा गुरुजींनाच लिहायचा आहे. एका मुलीची आई दाखल्यासाठी आली आहे. गुरुजी ताईंना तांदूळ देतात, आईला मधल्या सुट्टीपर्यंत थांबवतात आणि फोन उलटा ठेवून फळ्याकडे परततात. माहिती उशिरा गेली तर तालुक्याहून बोलणी बसणार, हे त्यांना माहीत आहे. भागाकार अर्धा सोडायचा नाही, हा त्यांचा निर्णय. त्याची नोंद कुठल्याच नोंदवहीत होत नाही. माझ्या मते आपल्या प्राथमिक शिक्षणातले नेतृत्व मोठ्या प्रमाणात अशा नोंद न झालेल्या निर्णयांत आहे, आणि ते टिपण्याच्या पद्धती आपल्याला आपल्याच तयार कराव्या लागतील.

माध्यमिक शाळांचे चित्र वेगळे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा 1977 चा, त्याची नियमावली 1981 ची. मुख्याध्यापकपदासाठी तिथे मुख्यतः सेवाज्येष्ठता पाहिली जाते. या तरतुदीला कारण आहे: संस्थाचालकाच्या मर्जीतल्या माणसाला वर बसवण्याला तिने आळा घातला. तिची किंमतही आहे. निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेला माणूस खुर्चीवर बसतो, आणि संचमान्यता, अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन, वेतनाची देयके यांत ती वर्षे निघून जातात. मर्जीही नको आणि निव्वळ रांगही नको, तर तिसरे काय, याचे पटण्याजोगे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

सुधारणेच्या नावाने आलेल्या योजनांकडेही अभ्यासकाने कठोरपणे पाहायला हवे. मध्य प्रदेशात शाळांचे मूल्यमापन करायचे, प्रत्येक शाळेने सुधारणा आराखडा करायचा, अधिकाऱ्यांनी पाठपुरावा करायचा, अशी योजना राबवली गेली. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी तिचा प्रयोगनिष्ठ अभ्यास केला. आराखडे तयार झाले, कागद भरले. शिक्षकांच्या वागण्यात आणि मुलांच्या शिकण्यात फरक आढळला नाही. तरीही ती पद्धत पुढे देशभर पसरली. नेतृत्व अहवालांच्या रूपात वर जाते आणि वर्गात उतरत नाही, तेव्हा काय होते, हे याहून स्पष्ट दाखवणारा अभ्यास भारतात माझ्या पाहण्यात नाही.

उच्च शिक्षणात आपण शिरतो तेव्हा जमीनच बदलते. 1974 साली मायकेल कोहेन आणि जेम्स मार्च यांनी अमेरिकी महाविद्यालयांच्या अध्यक्षांचा अभ्यास केला. उद्दिष्टे धूसर, कामाच्या पद्धती अस्पष्ट, निर्णयाला कोण हजर राहील तेही अनिश्चित, अशा संस्थेला त्यांनी संघटित अनागोंदी म्हटले. आपल्या विद्यापीठांना हे वर्णन अर्धेच लागू पडते. आपल्याकडे कायदा काटेकोर आहे: महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 मध्ये कुलगुरूंची निवड, पाच वर्षांची मुदत, अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद हे सारे नेमून दिलेले आहे. अनागोंदी असते ती या कलमांच्या मधल्या जागेत. प्राचार्य एकीकडे संस्थाचालकांना, दुसरीकडे विद्यापीठाला, तिसरीकडे सहसंचालक कार्यालयाला बांधलेला. नॅकची समिती यायची झाली की वर्षभर फायली तयार होतात. समिती गेल्यावर त्या फायलींतून विभागाच्या अध्यापनात काय उतरते, हा एखाद्या चांगल्या प्रबंधाचा विषय आहे. पद भरलेच नाही म्हणून वर्षानुवर्षे ‘प्रभारी’ राहिलेले प्राचार्य हा दुसरा विषय. ज्याला उद्या पद राहील की नाही हे माहीत नाही, त्याने पाच वर्षांचा विचार कसा करावा? 1983 नंतर राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली. तिथे शैक्षणिक अधिकार आणि मालकी यांचे नाते आणखी गुंतागुंतीचे झाले. त्यावर टीका भरपूर आहे, बारकाईने केलेले संशोधन थोडे.

या क्षेत्राच्या नकाशावर स्त्रिया फार कमी दिसतात, हे मला खुपते. सावित्रीबाई फुले यांना आपण पहिल्या शिक्षिका म्हणून वंदन करतो. 1848 पासून विरोध सोसत शाळा चालवणारी बाई म्हणून, तिच्या कारभाराच्या अंगाने, त्यांचा अभ्यास आपण केलेला नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे अनुताई वाघांसह ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ ही बालशिक्षणातली कल्पना म्हणून आपण ओळखतो. शिक्षिका, वेळ, जागा, साहित्य या सगळ्याची फेरमांडणी करणारा तो कारभाराचा निर्णयही होता, आणि सिद्धार्थच्या सकाळच्या वर्गांइतक्याच धिटाईचा.

या विषयाला हात घालणाऱ्याने सुरुवात पुस्तकांच्या यादीपासून करू नये असे माझे मत आहे. परवानगी काढून एक शाळा किंवा एक महाविद्यालयीन विभाग निवडावा आणि निदान एक सत्र तिथे बसावे. पहिल्या आठवड्यात लॉगबुक, सूचनावही आणि शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त मागावे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे लॉगबुक मिळाले तर सोडू नये: तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्याने वाचनाबद्दल काय लिहिले, पटावरच्या मुलांबद्दल काय, रंगरंगोटीबद्दल किती, हे वेगवेगळे टिपावे. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदा म्हणतो. इतिवृत्तात कोण बोलल्याची नोंद आहे आणि कोणाची फक्त सही किंवा अंगठा आहे, ते पाहावे. मग वेळापत्रक घ्यावे. सर्वांत अनुभवी शिक्षक कोणत्या वर्गाला दिला आहे, गणिताचा तास जेवणानंतर का आला, हे मुख्याध्यापकांना विचारावे, आणि त्यांनी दिलेले उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. लीथवूड आणि रॉबिन्सन त्यानंतर वाचावेत. तेव्हा त्यांच्याशी वाद घालण्याजोगे काहीतरी आपल्या वहीत असेल.