पियानोवादनाचे शिक्षणग्रंथ आणि रचनाकारांची स्वहस्तलिखिते

पियानोसाठी लिहिलेल्या अभिजात पाश्चात्त्य संगीताचा इतिहास अभ्यासू पाहणाऱ्यास मुख्यतः दोन प्रकारची लिखित साधने उपलब्ध असतात. पहिले साधन म्हणजे रचनाकाराच्या हातचे स्वरलेखन. दुसरे म्हणजे त्या त्या काळी शिष्यांसाठी लिहिले गेलेले वादनतंत्राचे ग्रंथ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या साधनाची प्रतिष्ठा सतत वाढत गेली. गुस्ताव नोटेबोमने १८६५ मध्ये बेथोव्हेनच्या टिपणवहीचे विवेचन प्रसिद्ध केले. हाइन्रिख शेंकरच्या प्रेरणेने १९२७ मध्ये व्हिएन्ना येथे हस्तलिखितांच्या छायाचित्रांचा संग्रह स्थापन झाला. पुढे मूळ पाठ सिद्ध करून छापणे हेच कार्य मानणाऱ्या प्रकाशनसंस्था निघाल्या. शिक्षणग्रंथांना मात्र क्रमिक पुस्तकांपलीकडचे मोल क्वचितच दिले गेले. हा विषम न्याय ऐतिहासिक दृष्ट्या समर्थनीय नाही. दुसऱ्या साधनावाचून पहिले पुष्कळदा वाचताच येत नाही, आणि पहिल्यावाचून दुसऱ्याची परीक्षा होत नाही.

ह्याचे कारण लेखनाच्या स्वभावातच आहे. कोणतीही लिपी उच्चाराचा सर्व तपशील नोंदवीत नाही. वाचणाऱ्यास जे आधीच ठाऊक असते ते ती गाळते. मराठीत 'चाक' आणि 'चार' ह्या शब्दांतील आद्य व्यंजनाचा उच्चार भिन्न आहे, परंतु अक्षर एकच आहे. मराठी भाषकाला त्यावाचून काही अडत नाही. हा भेद सांगण्याची गरज पडते ती परभाषकासाठी व्याकरण लिहिणाऱ्याला. स्वरलेखन हीही एक लिपीच होय. रचनाकार आपल्या काळातील जाणकार वादकासाठी लिहितो. शिक्षक लिहितो तो अजाण शिष्यासाठी. म्हणून एकाने जे गृहीत धरले तेच दुसऱ्याला शब्दांत मांडावे लागते.

अठराव्या शतकातील अंगुलियोजनेचा प्रश्न ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. योहान सेबास्टियन बाखने आपला ज्येष्ठ पुत्र विल्हेल्म फ्रीडमान ह्याच्यासाठी २२ जानेवारी १७२० रोजी क्यॉथेन येथे एक वही सुरू केली. ही वही आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तीत आरंभी अलंकारचिन्हांचे कोष्टक आहे, आणि त्यामागून येणाऱ्या लहानशा रचनेत प्रत्येक स्वरावर बोटांचे अंक घातलेले आहेत. त्यांत अंगठ्यास १ व करंगळीस ५ हा अंक आहे. उजव्या हाताची चढती स्वरपंक्ती वाजविताना मध्यमा आणि अनामिका ही बोटे आलटून पालटून योजिली आहेत. अंगठा बोटांखालून पुढे नेण्याची, आज सर्वत्र रूढ असलेली रीत येथे दिसत नाही.

आता ह्यापुढे दुसऱ्या पुत्राची साक्ष ठेवावी. कार्ल फिलिप एमॅन्युएल बाखने १७५३ मध्ये बर्लिन येथे वादनकलेवरील आपल्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. दुसरा १७६२ मध्ये निघाला. हातांच्या ताणासाठी अगदी आवश्यक असेल तेव्हाच अंगठा वापरणारे थोर वादक आपल्या पित्याने तरुणपणी ऐकले होते, आणि बोटांचा अधिक परिपूर्ण उपयोग पित्यानेच सिद्ध केला, असे तो नमूद करतो. त्याच्या स्वतःच्या पद्धतीत अंगठा हे प्रमुख बोट आहे. पित्याच्या हातची वही एक सांगते आणि पुत्राचा ग्रंथ दुसरे. मग खोटे कोण, असा प्रश्न प्रथमदर्शनी उद्भवतो. पण वही नवशिक्या मुलासाठी होती, हे लक्षात घेतले म्हणजे विरोध बराचसा मावळतो. शिवाय पुत्रानेही जुन्या योजनेस आपल्या ग्रंथात स्थान ठेवले आहे. भाषेत जुनी व नवी रूपे एकाच पिढीच्या तोंडी नांदतात, तशीच हातांतही नांदतात. केवळ वही हाती असती तर बाख जुन्या रीतीचा ठरला असता. केवळ ग्रंथ असता तर जुन्या रीतीचे त्याच्या घरातील अस्तित्व कळलेच नसते.

ह्याच ग्रंथाचा धागा पुढे व्हिएन्नात पोचतो. कार्ल चेर्नी सुमारे दहा वर्षांचा असताना बेथोव्हेनकडे शिकू लागला. बेथोव्हेनने त्याच्या वडिलांस एमॅन्युएल बाखचा ग्रंथ मिळवावयास सांगितले, आणि आरंभीच्या पाठांत स्वरपंक्ती, हाताची ठेवण व विशेषतः अंगठ्याचा उपयोग ह्यांवर भर दिला, असे चेर्नी आपल्या १८४२ मधील आत्मवृत्तात सांगतो. ह्या परंपरेचे महत्त्व एका वादग्रस्त स्थळी स्पष्ट होते.

बेथोव्हेनच्या ११० व्या क्रमांकाच्या सोनाटाचे हस्तलिखित बर्लिन येथे असून त्यावर २५ डिसेंबर १८२१ ही तारीख आहे. ह्या सोनाटाच्या अंतिम भागापूर्वीच्या गद्यप्राय आलापात एकच स्वर जोडीजोडीने लिहिलेला आहे. प्रत्येक जोडीतील दोन स्वर बंधरेषेने जोडलेले आहेत. लेखननियमाप्रमाणे बंधरेषेचा अर्थ असा की दुसरा स्वर पुन्हा वाजवावयाचा नाही, पहिलाच लांबवावयाचा. परंतु तेथेच ४–३ असे बोटांचे अंकही मिळतात. स्वर पुन्हा वाजवावयाचाच नसेल, तर अनामिकेच्या जागी मध्यमा आणण्याचे प्रयोजन काय? एक चिन्ह दुसऱ्याचा निषेध करते, आणि हस्तलिखित कितीही बारकाईने पाहिले तरी ते ह्याचे उत्तर देत नाही.

उत्तराची दिशा शिक्षणग्रंथांत सापडते. ६९ व्या क्रमांकाच्या चेलो-सोनाटात अशीच योजना आहे. तेथे दुसरा स्वर ऐकू येईल अशा रीतीने पुन्हा वाजवावा, असे चेर्नीने आपल्या बृहत् पियानोशिक्षणग्रंथाच्या १८४० नंतरच्या पुरवणी भागात सांगितले आहे. एमॅन्युएल बाखने क्लॅव्हिकॉर्डवरील एका प्रकारच्या कंपनाचे वर्णन केले आहे. दीर्घ, भावपूर्ण स्वरावर बोट न उचलता पट्टी हलकेच दाबत राहावयाची. क्लॅव्हिकॉर्डमध्ये पट्टीच्या टोकाची पितळी पट्टिका तारेला टेकलेलीच असते, म्हणून हे कंपन शक्य होते. पियानोची हातोडी तारेवर आघात करून लगेच मागे येते. तेथे तोच परिणाम साधावयाचा तर हलका दुसरा आघात करणे हाच उपाय उरतो. बंधरेषा व बदलते बोट ह्यांचा मेळ अशा रीतीने बसू शकतो.

तथापि हा निर्णय अंतिम मानता येत नाही. पाउल बाडुरा-स्कोडा ह्या विख्यात वादकाने १९८८ मध्ये बंधरेषेचा अर्थ बंधरेषाच, असा पक्ष आग्रहाने मांडला. चेर्नीची साक्षही तपासून घेतली पाहिजे. ती बेथोव्हेनच्या मृत्यूनंतर (१८२७) दीर्घ काळाने, बदललेल्या वाद्यासमोर बसून लिहिलेली आहे. फेब्रुवारी १८१६ मध्ये चेर्नीने १६ व्या क्रमांकाची पंचवाद्यरचना वाजविताना पदरचे फेरफार केले. बेथोव्हेनने त्यास चारचौघांत फटकारले आणि दुसऱ्याच दिवशी पत्र लिहून क्षमा मागितली. मात्र रचना लिहिल्याप्रमाणेच ऐकावयास मिळावी हा आग्रह त्याने पत्रातही सोडला नाही. उलट, त्याच बेथोव्हेनने आपला पुतण्या कार्ल ह्याचे शिक्षण चेर्नीकडेच सोपविले. म्हणजे हा साक्षीदार विश्वासू खरा, पण निर्दोष नव्हे.

साक्षीदार मुळातच अविश्वसनीय असला तर काय होते, ह्याचे उदाहरण आंतोन शिंडलर हे होय. क्रेमरच्या अभ्यासरचनांवरील बेथोव्हेनच्या म्हणून गाजलेल्या वादनविषयक टिपा त्याच्याच मार्फत आल्या. बेथोव्हेनच्या संभाषणवह्यांत त्याने मागाहून बनावट नोंदी घुसडल्याचे १९७७ मध्ये सिद्ध झाले, आणि त्या टिपांचा आधारही डळमळीत झाला.

शोपँच्या बाबतीत प्रश्न निराळ्या रूपाने येतो. त्याच्या अपूर्ण शिक्षणग्रंथाची टिपणे त्याच्याच हातची असून ती न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहेत. त्यांत लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर टेकतील अशी हाताची नैसर्गिक ठेवण आधी शिकविलेली आहे. केवळ पांढऱ्या पट्ट्यांची, वाचावयास सोपी स्वरपंक्ती त्यास आरंभासाठी योग्य वाटत नाही. जेन स्टर्लिंगसारख्या शिष्यांच्या छापील प्रतींवर त्याने पेन्सिलीने बोटांचे अंक आणि पाठांतील बदल नोंदले, आणि हे बदल सर्व प्रतींत सारखे नाहीत. येथे रचनाकार व शिक्षक एकच असूनही एकमेव अंतिम पाठ हाती लागत नाही.

ह्यावरून पाठचिकित्सेसाठी निघणारा निष्कर्ष मर्यादित असला तरी महत्त्वाचा आहे. रचनाकाराने काय लिहिले ह्याविषयी स्वहस्तलिखित हेच श्रेष्ठ प्रमाण होय. त्या लेखनाचा त्या काळी कोणता अर्थ घेतला जाई, ह्याविषयी मात्र शिक्षणग्रंथाची साक्ष काढावी लागते. ती साक्ष कोणी, कोणासाठी, कोणत्या वाद्यापुढे आणि किती वर्षांनी दिली, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. आज अनेक हस्तलिखितांच्या प्रतिमा अभ्यासकास घरबसल्या पाहता येतात. मूळ कागद समोर आला म्हणजे मूळ स्वर हाती आला, असा समज त्यामुळे अधिकच सहज होतो. कागदावर रेषा असते. ती वाचणारा हात कसा घडला होता, हे जुन्या शिक्षकांच्या पुस्तकांतच शोधावे लागते.