कोलोबोमायुक्त डोळ्यातील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया

गर्भावस्थेच्या साधारण पाचव्या ते सातव्या आठवड्यात डोळ्याच्या खालच्या अंगाची फट मिटते. ती अर्धवट राहिली, तर उरणाऱ्या जन्मजात खाचेस कोलोबोमा म्हणतात. खाच बहुधा खाली, नाकाच्या बाजूस असते. बाहुली कुलपाच्या भोकासारखी दिसते. कॉर्निया पुष्कळदा लहान, 10 मिमी.हून कमी व्यासाचा असतो आणि मोतीबिंदू अनेकदा तपकिरी, कठीण झालेला आढळतो.

मापन : अल्ट्रासाउंडचा झोत मॅक्युलाऐवजी मागील खोलगट कोलोबोमावर पडल्यास डोळ्याची लांबी जास्त भरते, कमी शक्तीचे भिंग बसवले जाते आणि रुग्णाला प्लस नंबरचा चष्मा लागतो.

भूल : मागची भिंत पातळ व फुगीर असल्यास सुई आत शिरण्याची भीती असते, म्हणून थेंबांची किंवा टेनॉन पटलाखालील भूल बरी.

शस्त्रक्रिया : छेद खाचेपासून दूर, वरून किंवा कानशिलाच्या बाजूने घेतात. नवशिक्याचे लक्ष बुबुळाच्या खाचेकडे जाते. अडचण तिच्या मागे असते. तेथे भिंगाला तोलून धरणारे तंतू विरळ असतात किंवा नसतातच. ट्रिपान ब्ल्यूने रंगवलेल्या भिंगाच्या पिशवीला सुई लावताच ती फाटण्याऐवजी तिला चुण्या पडल्या, तर आधार कच्चा आहे हे तिथेच कळते. मग पाणी जपून सोडावे, गाभा दोन्ही हातांनी फिरवावा. पिशवी ताणून धरणारी कडी हारा व सहकाऱ्यांनी जपानमध्ये 1991 साली मांडली. श्वेतपटलाला शिवता येईल असे तिचे रूप सिऑनी यांनी 1998 मध्ये दिले. कडी लवकर घातली, तर पिशवीला आधार मिळतो, पण कॉर्टेक्स तिच्यामागे अडकून काढताना जीव मेटाकुटीला येतो. शक्य तितक्या उशिरा घालणे हिताचे. पिशवीची पुढची कड चिरली असल्यास कडी घालू नये. अतिकठीण गाभ्यासाठी फेको की टाक्याविना छोट्या छेदाची हातची पद्धत, याबाबत एकमत नाही.

बुबुळाची दुरुस्ती : मॅककॅनेल (1976) व सीप्सर (1994) यांच्या टाक्यांनी बाहुली आवळता येते. खालची खाच वरच्या पापणीआड जात नसल्याने उजेडात डोळे दिपतात, तेव्हा टाका उपयोगी. तक्रार नसल्यास काही शल्यविशारद बुबुळाला हात लावत नाहीत. रुंद बाहुलीतून दृष्टिपटल तपासणे सोपे जाते.

निष्पत्ती : मॅक्युला व दृक्‌मज्जा खाचेत सापडल्या आहेत का, यावर दृष्टी अवलंबून. मंददृष्टी व नेत्रदोलन असल्यास सुधारणा मर्यादित. दृष्टिपटल सुटण्याचा धोका आयुष्यभर राहतो. खाचेभोवती प्रतिबंधक लेसर द्यावा की नाही, हे वादग्रस्त आहे.

बालरुग्ण : पाहा – जन्मजात मोतीबिंदू.