सातेरीच्या घरी पाहुणी माशी

तंजावरच्या भोसल्यांमुळे कावेरीकाठ आपल्याला परका नाही. त्याच परिसरात, कुंभकोणमजवळ तिरुप्पनंदाळ आहे. इथल्या शिवमंदिराचा स्थलवृक्ष म्हणजे ताड. ताडात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नराचे पराग वाऱ्याने किंवा कीटकांनी मादीपर्यंत पोचवले, तरच ताडगोळे धरतात. आज बोलायचे आहे ते अशा पराग वाहणाऱ्यांविषयी, आणि परका वाहक आणला तर काय होते याविषयी.

आपली पेटीत पाळता येणारी देशी मधमाशी म्हणजे सातेरी. १९११ ते १९१७ या काळात फादर न्यूटन यांनी दक्षिणेतल्या खेडुतांना तिचे पालन शिकवले. पुढे मार्तंडमच्या वायएमसीए केंद्राने ते काम वाढवले. पण सातेरीचा मध कमी आणि घर सोडून जाण्याची खोड मोठी. म्हणून युरोपातली मेलिफेरा आणायचे ठरले. आधीचे प्रयत्न फसले. १९६२ ते १९६४ दरम्यान हिमाचलातल्या नगरोटा बगवान इथे ते साधले. त्या प्रयोगांत परकी राणी सातेरीच्या वसाहतीत सोडण्याची युक्तीही वापरली गेली.

मध वाढला, पण परकी माशी एकटी येत नाही. तिच्याबरोबर तिचे रोग येतात, आणि इथले रोग तिला चिकटतात. व्हरोआ हा गोचिडीसारखा जीव मुळात सातेरीवरचा. सातेरी त्याला अंगावरून झटकते, त्यामुळे दोघांचे निभत होते. तो मेलिफेरावर गेला आणि माणसाने हलवलेल्या पेट्यांतून जवळपास जगभर पसरला.

दक्षिणेला खरा फटका १९९१-९२ मध्ये बसला. थाई सॅकब्रूड या विषाणूने सातेरीच्या अळ्या मरू लागल्या. तामिळनाडू, केरळ, कर्नाटकातल्या बहुतेक पेट्या ओस पडल्या. हा विषाणू मेलिफेराने आणला असे म्हणणे चूक ठरेल. तो सातेरीचाच रोग. मात्र रिकाम्या झालेल्या जागी मेलिफेरा आली. म्हणजे देशी माशी सावरायच्या आत फुलोऱ्यात वाटेकरी उभा राहिला.

चिलीत काय झाले तेही बघा. पिकांच्या परागीभवनासाठी १९९७ पासून तिथे युरोपीय भुंगामाशी आणली गेली. ती रानात पसरली, २००६ मध्ये अर्जेंटिनात पोचली आणि तिथली केशरी, जगातली सर्वांत मोठी भुंगामाशी झपाट्याने घटली. जपानने मात्र २००६ मध्ये हीच युरोपीय माशी कायद्याच्या बंधनात आणली.

पिकाला वाण बदलता येते. रानात सुटलेला कीटक परत बोलावता येत नाही. म्हणून नवी माशी आणण्याआधी तिची रोगतपासणी, विलगीकरण आणि स्थानिक माश्यांवरच्या परिणामांचा अभ्यास व्हायला हवा. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव झाले, ते सातेरीच्याच भरवशावर. घरची माशी जपणे हा मागासलेपणा नाही, मंडळी; तो हिशेब आहे.