आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून?

वेस्टर्न ब्लॉटवर बँड उमटला नाही की प्रयोगशाळेत ठरलेला सल्ला मिळतो: लेनमध्ये प्रोटीन जास्त भरा, अँटिबॉडी वाढवा, महागडा सबस्ट्रेट आणा, एक्सपोजर लांबवा. हा पूर्वपक्ष निराधार नाही. 1979 साली टोबिन आणि सहकाऱ्यांनी जेलमधली प्रथिने नायट्रोसेल्युलोजवर उतरवली. पुढे ल्युमिनॉलच्या उजेडाने पिकोग्रॅमभर प्रथिनही टिपता येऊ लागले. तरीही दुर्मिळ प्रथिनाच्या शोधाची सुरुवात इथून करणे चूकच आहे.

प्रोटीन जास्त भरले की अ‍ॅक्टिनसारखी मुबलक प्रथिनेही त्याच पटीत वाढतात, लेन फुगते, बँड फरफटतात. अँटिबॉडी वाढवली की ती नको तिथेही चिकटते. तिच्यावरचे एचआरपी एन्झाइम फार झाले, तर सबस्ट्रेट जागीच संपतो: चित्रात बँडचा मध्य पांढरा, कडा तेवढ्या काळ्या, आणि मेम्ब्रेनवर त्याच जागी तपकिरी डाग. एक्सपोजर लांबवले, तर बँडबरोबर पार्श्वभूमीही काळवंडते.

एचआयएफ-1 अल्फाचे उदाहरण घ्या. प्राणवायू कमी पडला की हे प्रथिन पेशीत साठते. 2019 च्या वैद्यकातील नोबेलमागच्या संशोधनाचा तो गाभा. प्राणवायू मिळताच पाच मिनिटांच्या आत ते निम्म्याहून कमी उरते. पेशींची डिश कमी प्राणवायूच्या कक्षातून बाहेर काढून, कोमट बफरने सावकाश दोनदा धुईपर्यंत त्याचा बराचसा भाग नष्ट झालेला असतो. पेशीतच उरले नाही, ते मेम्ब्रेनवर कुठून येणार?

म्हणून उपाय डिशपासून सुरू व्हावा. डिश लगेच बर्फावर घ्यावी, किंवा उकळता सॅम्पल बफर थेट पेशींवर ओतावा. पहिली वाट धरली, तर हे प्रथिन केंद्रकात जमते म्हणून केंद्रकाचा अंश वेगळा काढावा. ‘त्यात थोडा माल वाया जातो,’ हा आक्षेप खरा आहे. पण लेनमध्ये भरलेल्या तेवढ्याच, समजा 30 मायक्रोग्रॅम, प्रोटीनमध्ये हव्या त्या प्रथिनाचा वाटा वाढतो, आणि बँड वाट्यावर ठरतो. ते 120 किलोडाल्टनच्या आसपास धावते, म्हणून ट्रान्सफरला पुरेसा वेळ द्यावा आणि अँटिबॉडीआधी पॉन्सोच्या लाल रंगात मोठी प्रथिने उतरल्याची खात्री करावी.

हे सारे झाल्यावर संवेदनशील सबस्ट्रेट जरूर वापरावा. शेजारच्या लेनमध्ये कमी प्राणवायूत वाढवलेल्या पेशींचा नमुना मात्र हवाच. तिथे बँड उमटला, तर आपली रिकामी लेनसुद्धा उत्तर देते.